रकाना अकरा

निरापद बैरागी येतो तेव्हा
आधी मासळीचा वास येतो, मग तो.
सेतू केंद्राच्या दारात चपला काढतो.
काढू नका म्हटलं, फरशी तशीही घाणच आहे.
तो काढतोच.

पन्नीत पन्नी, तिच्यात आणखी एक पन्नी,
आणि त्यात कागद.
रेशन कार्डावर तो निरापत,
मुलीच्या दाखल्यावर निरपद,
गॅसच्या पुस्तकात निरापाद बैरागडे,
कुण्या क्लार्कानं माया येऊन
आडनाव आपल्यात ओढून घेतलेलं.
छप्पन वर्षांचा असेल.
सीमा ओलांडली ती आईच्या पाठीवर.
तारीख आईला ठाऊक होती. आई गेली.
जन्मगाव त्यानं तीनदा उच्चारलं,
मी तिन्ही वेळा वेगळं टाईप केलं.

मग रकाना अकरा:
अर्जदाराविरुद्ध कोणतीही फौजदारी कार्यवाही
प्रलंबित आहे काय?
मी ‘नाही’वर टिचकी मारलीच होती.
"थांबा बाबू," तो म्हणाला, "एक आहे."

पोळ्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. आष्टीचा रस्ता.
लुनाच्या मागे थर्माकोलचे दोन डबे,
रोहू, कटला, बर्फाचं पाणी होत चाललेलं,
मागचा लाल दिवा बंद, लायसन नाही.
दंडाला पैसे नव्हते. मासे देतो म्हणाला,
शिपाई पोरगा हसलासुद्धा नाही.
चामोर्शीच्या कोर्टात तारीख पडली.
साहेब रजेवर. पुन्हा तारीख.

"अजी काका, हे काय फौजदारी होय?
फौजदारी म्हणजे कुऱ्हाड, डोस्क्यातून रगत.
तुमचा तर दिवा बंद होता.
कोण पाहून राहिलं? नाही लिवतो अन् मोकळे व्हा."

माझ्या गाडीवर तीन चलान थकले आहेत.
तू इथला का, असं मला
कोणी कधी विचारलेलं नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.

त्यानं सगळ्यात आतल्या पन्नीतून चलान काढलं.
लॅमिनेट केलेलं.
चलान कोणी लॅमिनेट करतं काय?
"नाव वाचा."
निरापद हरिपद बैरागी,
रा. कालीनगर, ता. मुलचेरा.
काना जिथे हवा तिथे. बापही जिथे हवा तिथे.
"त्या पोट्ट्यानं इचारू इचारू लिवलं, बाबू.
दोनदा इचारलं. बापाचं बी दोनदा.
साऱ्या सरकारात माझा हा एकच कागद बरोबर.
अन् तुमी म्हणता हाच लपवा."

पंखा फिरत होता, म्हणजे लाईट होती.
लाईट असली की सर्व्हर नसतो.
आज सर्व्हरही होता.

होय.
तसं म्हणताच खाली एक चौकट उघडली,
‘नाही’ म्हणणाऱ्यांना जी कधी दिसत नाही:
तपशील द्या, पाचशे अक्षरांत.
तो सांगत गेला, मी बडवत गेलो,
गाडी, रस्ता, दिवा, तारीख, पुढची तारीख.
"माशांचं बी लिवा."
"मासे कायले?"
"होते म्हणून."

सबमिट. गोल चक्र फिरत राहिलं.
"आता?"
"आता वाट पाहा."
"कोर्टाची का याची?"
मी म्हटलं, दोन्हीची,
आणि अर्जाचे शंभर घेतले, वीस परत केले.

दिवस बुडाला होता. दिवा अजून बंदच.
म्हणून तो लुनावर बसला नाही,
हातानं लोटत नेली चौकीसमोरून,
मग तलावाची पाळ, मग काही दिसलं नाही.

की-बोर्डाला वास राहिला.
दुसऱ्या दिवशी सातबाऱ्यासाठी आलेला झोडे मास्तर
नाक उडवत म्हणाला,
"काहून बे, मासळी आणली होती काय इथं?"
मी म्हटलं, नाही.
मग म्हटलं, होय.